ऑफिसचा साधा माउस की स्वस्तातला गेमिंग माउस? आधी आपला हात बघा

दर वर्षी कॉलेजं सुरू झाली की नात्यातल्या कुणाचा तरी फोन येतो. ‘मावशी, माउस घ्यायचाय. दोन फोटो पाठवलेत, बघ ना जरा.’ एका फोटोत काळा, साधा, साडेतीनशे रुपयांचा. दुसऱ्यात दिवे लागणारा, दीड हजाराचा. आणि खाली प्रश्न: एवढे पैसे जास्त घालण्यात काही अर्थ आहे का?

मी पुण्यात पुस्तकांची मांडणी करते. टाइप होऊन आलेला मजकूर पानांत बसवायचा, चित्रं लावायची, प्रुफातल्या दुरुस्त्या करायच्या. सोळा वर्षं झाली, दिवसाचे सात-आठ तास उजवा हात माउसवर असतो. आधी बरीच वर्षं साधे माउस वापरले. गेली चार वर्षं गेमिंगचा वापरते आहे, गेम मात्र खेळत नाही. त्यामुळे दोन्हींबद्दल खात्रीने सांगता येईल असं थोडं माझ्यापाशी आहे.

नवीन माणूस खोक्यावरच्या आकड्यांपासून सुरुवात करतो. तिथेच गडबड होते. आकडे चौथ्या नंबरला येतात. त्याआधी काम, हात आणि टेबल.

पहिली पायरी: एक दिवस स्वतःच्या हाताकडे लक्ष ठेवा

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा: नुसतं क्लिक, धरून ओढणं, चाक फिरवणं. दिवसभरात अधूनमधून थांबून गेल्या दहा मिनिटांत हाताने काय केलं ते आठवा आणि त्या रकान्यात खूण करा. संध्याकाळी कागद बघितलात की निम्मा निर्णय झालेला असतो.

आमच्या इमारतीत खाली एका सीएंचं ऑफिस आहे. तिथल्या मुली टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये एंट्र्या करतात तेव्हा माउसला तास-तास हात लागत नाही. पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, जर्नलला एफ७; बोटं सगळी नंबर पॅडवर. त्यांना दीड हजाराचा माउस देऊन काय उपयोग? साधा वायरचा माउस तिथे वर्षानुवर्षं चालतो आणि तोच योग्य आहे. अर्ज भरणं, ईमेल, बँकेचं काम, ऑनलाइन तास ऐकणं, अधूनमधून एक्सेल यांनाही तेच लागू. तुमच्या कागदावर ‘क्लिक’चाच रकाना भरला असेल तर साधा घ्या आणि वाचलेल्या पैशांत माउसखाली ठेवायचा चांगला पॅड घ्या.

‘ओढणं’ आणि ‘चाक’ भरून वाहत असतील तर गोष्ट वेगळी. फोटो कापणं, व्हिडिओ जोडणं, पानं लावणं, ऑटोकॅडमध्ये नकाशे काढणं ही सगळी ओढण्याची कामं. ऑटोकॅडवाला चाक दाबून धरतो आणि नकाशा सरकवतो, दिवसातून शेकडो वेळा. त्याला चाकाचं बटण घट्ट असलेला माउस दिला तर संध्याकाळपर्यंत मधलं बोट दुखायला लागतं. अशांनी बजेट गेमिंग माउसचा विचार नक्की करावा, आयुष्यात एकही गेम खेळणार नसले तरी.

गेम खेळणाऱ्यांनी आपण कुठला गेम खेळतो ते बघावं. व्हॅलोरंट, काउंटर स्ट्राइक यांसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये हात झटक्यात फिरवावा लागतो आणि साधा सेन्सर (माउसच्या पोटातला, हालचाल टिपणारा भाग) त्या वेगात गोंधळतो: नेम समोर असतो तो एकदम आकाशाकडे जातो. बुद्धिबळ, शेती, गाड्यांच्या गेममध्ये असं काही होत नाही. आणखी एक गोष्ट भाच्यांना सांगावी लागते. लॅपटॉपच अडखळत चालत असेल, चित्र सेकंदाला वीस-पंचवीस वेळाच बदलत असेल, तर नवा माउस त्याला मदत करू शकत नाही. पैसे रॅमसाठी साठवा.

दुसरी पायरी: हात मोजा

शाळेची पट्टी घ्या. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. ढोबळ मानाने १७ सेंटीमीटरच्या आत असेल तर हात लहान, १९ च्या पुढे असेल तर मोठा.

मग हातातला सध्याचा माउस बघा. तुमचा पूर्ण तळवा त्याच्यावर टेकतो की फक्त बोटं? तळवा टेकून काम करणाऱ्याला लांब आणि पाठ फुगीर असलेला माउस हवा. बोटं वाकवून धरणाऱ्याला आखूड चालतो. लॉजिटेक जी१०२ हा गेमिंग माउस साधारण ११.७ सेंटीमीटर लांब आहे, रेझर डेथअॅडर इसेन्शियल हा दुसरा गेमिंग माउस १२.७. एका सेंटीमीटरचा फरक कागदावर काहीच वाटत नाही. हातात मात्र करंगळी टेबलावर घासते की माउसवर विसावते, एवढा तो मोठा आहे. माझा हात साडेसोळाचा आहे. मैत्रिणीचा मोठा माउस दोन दिवस वापरून पाहिला तर अंगठ्याच्या मुळाशी ओढ बसायला लागली. तोच माउस तिच्या नवऱ्याला अगदी सुखाचा वाटतो.

साध्या ऑफिस माउसचा एक मोठा गुण इथे सांगितला पाहिजे: तो बहुतेक दोन्ही बाजूंनी सारखा असतो. डावखुऱ्यांना तो सरळ चालतो. गेमिंगमध्ये जी१०२ सारखा दिसायला सारखा असलेला माउससुद्धा बाजूची बटणं डावीकडेच ठेवतो, म्हणजे ती उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. डेथअॅडरचा नेहमीचा आकार तर उजव्या हाताचाच आहे. डावखुऱ्या मुलासाठी भेट म्हणून घेत असाल तर हे आधी बघा.

तिसरी पायरी: टेबल

माउसच्या पोटात एक बारीक कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि दोन फोटोंत काय सरकलं यावरून बाण हलवतो. खाली खडबडीत, बारीक पोत असलेलं काही असेल तर त्याला दिसतं. आपल्याकडे ऑफिसच्या टेबलांवर काच असते, काचेखाली कॅलेंडर, व्हिजिटिंग कार्डं, गजाननमहाराजांचा फोटो. या काचेवर दोन्ही प्रकारचे माउस अडखळतात. ‘माउस बिघडला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी तक्रारी शंभर-दीडशे रुपयांच्या कापडी पॅडने मिटल्या आहेत. नवीन घेण्याआधी जुना माउस कापडी पॅडवर दोन दिवस चालवून बघा, कदाचित खरेदीच टळेल.

चौथी पायरी: आता आकडे

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरात असतो डीपीआय. तो म्हणजे माउस एक इंच सरकला की बाण पडद्यावर किती ठिपके सरकतो. साध्या माउसवर हा आकडा बहुतेक ८०० ते १००० असतो: लॉजिटेक बी१०० चा ८००, डेल एमएस११६ चा १०००. जी१०२ हा ८००० पर्यंत जातो.

हिशोब करून बघू. नेहमीचा फुल एचडी पडदा १९२० ठिपके रुंद असतो. ८०० डीपीआयवर तो पार करायला १९२० भागिले ८००, म्हणजे २.४ इंच, साधारण सहा सेंटीमीटर हात सरकवावा लागतो. हे अगदी आरामाचं आहे. म्हणजे एका पडद्यावर काम करणाऱ्याला साधा माउस पुरून उरतो. शेजारी दुसरा पडदा लावलात की रुंदी ३८४० होते आणि हात बारा सेंटीमीटर जायला लागतो. मग माणूस माउस उचलतो, मागे ठेवतो, परत सरकवतो. आमच्याकडे प्रुफं तपासणारे एक काका आहेत. एका पडद्यावर मूळ प्रत, दुसऱ्यावर दुरुस्त पान. एकदा त्यांच्या शेजारी बसून मोजलं, डावीकडून उजवीकडे जाताना ते प्रत्येक वेळी दोनदा माउस उचलत होते. १६०० डीपीआय लावून दिल्यावर उचलणं थांबलं. खांदाही कमी भरून येतो म्हणाले.

‘विंडोजमध्येच वेग वाढवला तर?’ वाढवता येतो, आणि फुकट आहे, तेव्हा आधी तेच करा. फक्त विंडोजचा वेग मधल्या खुणेच्या बराच पुढे नेला की बाण ठिपके गाळून उड्या मारतो. अर्ज भरताना ते कळणार नाही. चित्राची कड पकडताना नक्की कळतं.

८००० वगैरे आकडे वापरायचे नसतात. नेमबाजीचे पट्टीचे खेळाडूसुद्धा बहुतेक ४०० ते १६०० च्या आसपासच असतात. तेव्हा ‘जास्त डीपीआय म्हणजे जास्त चांगला’ हे मनातून काढून टाका.

दुसरा आकडा हर्ट्झचा. माउस संगणकाला आपली जागा सेकंदाला किती वेळा कळवतो, तो हा. साधा माउस बहुधा १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. गेमिंगवाला १००० वेळा, दर मिलिसेकंदाला. पण ऑफिसचा पडदा ६० हर्ट्झचा असतो, त्याच्यावरचं चित्रच दर १६-१७ मिलिसेकंदांनी बदलतं. मधले सात मिलिसेकंद तिथे डोळ्यांना दिसायचे कुठून? १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि वेगवान गेम असेल तरच या आकड्यासाठी पैसे मोजा.

बाजूच्या बटणांबद्दल मात्र मी भरभरून सांगेन, कारण गेमिंग माउसमधली मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट तीच. अंगठ्याखालची दोन बटणं ब्राउझरमध्ये आणि फोल्डरमध्ये ‘मागे’ आणि ‘पुढे’ नेतात, काहीही न बसवता. मी त्यांना ‘कॉपी’ आणि ‘पेस्ट’ दिलं आहे आणि डावा हात चहाच्या कपासाठी मोकळा राहतो. एक सावधगिरी: जीएसटीचा किंवा सरकारी भरतीचा लांबलचक फॉर्म भरताना अंगठा चुकून ‘मागे’वर पडला तर भरलेलं सगळं जाऊ शकतं. असं काम रोजचं असेल तर ती बटणं माउस-कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून बंद करा किंवा त्यांना दुसरं काम द्या.

पाचवी पायरी: क्लिकच्या आत काय आहे ते समजून घ्या

दोन वर्षांपूर्वी एका जाड पुस्तकाची पानं लावत होते. चित्र धरून ओढलं की अर्ध्या वाटेत हातातून सुटायचं. मजकूर सिलेक्ट करताना निवड मध्येच तुटायची. मला वाटलं सॉफ्टवेअर बिघडलं. ते काढून पुन्हा टाकलं, एक अख्खा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी एका फोल्डरवर एकदाच क्लिक केलं आणि ते उघडलं, तेव्हा लक्षात आलं: माउस एका क्लिकचे दोन करतो आहे.

उघडून पाहिला. स्क्रू तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली दडवलेले असतात. प्रत्येक बटणाखाली दोन हरभरे शेजारी ठेवावेत एवढी एक चौकोनी डबी, म्हणजे स्विच, आणि तिच्या पोटात तांब्याची एक पातळ पट्टी. बटण दाबलं की पट्टी टक्कन खाली वाकून दुसऱ्या टोकाला टेकते, सोडलं की उसळून वर येते. लाखो वेळा वाकून तिचा ताण जातो, टोकावर काजळी धरते, मग ती नीट टेकत नाही, थरथरते, आणि संगणक ती थरथर दोन क्लिक म्हणून मोजतो.

हा रोग महाग-स्वस्त पाहत नाही. माझा तो माउस चांगल्या नावाजलेल्या कंपनीचा, गेमिंगचाच होता. वॉरंटीत होता म्हणून बदलून मिळाला. तेव्हा खोक्यावर ‘एक कोटी क्लिक’ लिहिलंय की ‘दोन कोटी’, यापेक्षा वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात किंवा जवळच्या शहरात आहे का, हे आधी विचारा. ऑप्टिकल स्विचचा माउस बजेटमध्ये बसत असेल तर उत्तम. त्यात पट्टीऐवजी प्रकाशाचा किरण अडवला किंवा सोडला जातो, त्यामुळे ही थरथर होत नाही.

वायर की बिनवायर?

टेबलावरच्या संगणकाला वायर. सेल संपत नाही, हरवायला डोंगल (बिनवायर माउससाठी यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) नसतं आणि त्याच पैशांत माउस चांगला येतो. रोज बॅग घेऊन फिरणाऱ्याला बिनवायर सोयीचा, आणि ऑफिसकामासाठी एक सेल घालून महिनोन् महिने चालणारे साधे माउस भरपूर आहेत. गेमसाठी बिनवायर हवा असेल तर लॉजिटेक जी३०४ सारखा, स्वतःचं डोंगल असलेला घ्या. ब्लूटूथवर नेमबाजी जमत नाही. डोंगल सीपीयूच्या मागे, निळ्या यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी लावलं की बाण अडखळतो, कारण त्या पोर्टमधून निघणारी विद्युत कुरकुर डोंगल वापरतं त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरते. डोंगल पुढच्या पोर्टला लावा, किंवा छोटी यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून टेबलावर आणा.

जो घेऊ नये तो

साध्या आणि खऱ्या गेमिंग माउसच्या मधे एक तिसराच प्रकार मिळतो. चारशे-साडेचारशे रुपये, सात रंगांचे दिवे, अणकुचीदार आकार, खोक्यावर ‘गेमिंग’ आणि डीपीआयचा भलामोठा आकडा. मुलं त्यालाच भुलतात आणि पालकांना वाटतं, स्वस्तात काम झालं. या किमतीत दिवे, जास्तीची बटणं आणि दणकट दिसणारी वायर घातल्यावर सेन्सर आणि स्विचसाठी उरतं काय? आकडाही बऱ्याचदा फुगवलेला असतो: सेन्सर मोजतो थोडं आणि आतला प्रोग्राम त्याला गुणतो. माझं स्पष्ट मत आहे, एवढेच पैसे असतील तर त्यात नावाजलेल्या कंपनीचा साधा ऑफिस माउस घ्या. तो आपलं काम चोख करेल. खरा गेमिंग माउस सेन्सरचं नाव लपवत नाही, स्विच कुठले तेही बऱ्याचदा सांगतो, आणि वॉरंटी लेखी देतो. आज अशा वायरच्या माउससाठी साधारण बाराशे ते दोन हजार धरा.

सहावी पायरी: दुकानात

शक्य असेल तर प्रत्यक्ष दुकानात जा. पुण्यात टिळक रोड, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, इथे बरीच दुकानं माउस हातात धरू देतात. डोळे मिटून धरा, दोन मिनिटं नुसता फिरवा. अंगठा आणि करंगळी यांनी उचला, निसटतो का ते बघा. राइट क्लिक बटणाच्या टोकाला आणि मागच्या बाजूला, दोन्हीकडे दाबून बघा. मागे फारच जोर लागत असेल तर आखूड बोटांच्या माणसाने तो घेऊ नये. चाक फिरवताना खाचा बोटाला जाणवल्या पाहिजेत. दोन्ही कडांना मऊ रबर असेल तर कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांनी विचार करा: दमट हवेत, घामाने ते वर्ष-दोन वर्षांत चिकट होऊ शकतं आणि मग सहज निघत नाही. साधं, खरखरीत प्लॅस्टिक जास्त टिकतं.

खोक्यावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असलंच पाहिजे. नावाजलेल्या कंपनीचा माल आणि ही पट्टीच नसेल, तर ते खोकं परत ठेवा. पक्कं बिल घ्या.

ऑफिसात स्वतःचा माउस नेणार असाल तर आधी विचारून घ्या. बँकांत आणि सरकारी कार्यालयांत बाहेरचं काही जोडायला मनाई असू शकते. सॉफ्टवेअर टाकू देत नसतील तर स्वतःची मेमरी असलेला माउस घ्या, घरी हवी तशी बटणं लावा आणि तोच माउस ऑफिसात जोडा.

सातवी पायरी: पहिल्या आठवड्यात

माल परत करायची मुदत असते तेवढ्यात दोन चाचण्या करा. फोल्डरवर सावकाश, एकेक सेकंद थांबून, वीस वेळा एकेकच क्लिक करा. एकदाही उघडलं तर माउस परत. दुसरी सेन्सरची: विंडोजच्या माउस सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा, पट्टी टेबलावर चिकटवा, माउस तिला टेकवून बाण पडद्याच्या मधोमध असलेल्या एखाद्या अक्षरावर ठेवा. आता माउस झटक्यात दोन-तीन सेंटीमीटर बाजूला न्या आणि अगदी सावकाश परत पट्टीला टेकवा. बाण त्याच अक्षराच्या आसपास आला पाहिजे. बाण पडद्याच्या कडेला आपटू देऊ नका, नाहीतर चाचणी चुकते.

मग डीपीआय ८०० वर ठेवून दोन दिवस काम करा, कमी वाटलं तर १२००, मग १६००. माउसवर डीपीआय बदलायचं बटण असतं, ते चुकून दाबलं जाऊन बाण अचानक सैरावैरा पळतो आणि नवीन माणूस घाबरतो. सॉफ्टवेअरमध्ये एकच पायरी ठेवा, बाकीच्या काढून टाका. दिवेही तिथूनच बंद होतात.

बसण्याची जागा बघा. कोपर टेबलाच्या उंचीला, मनगट टेबलाच्या कडेवर दाबलेलं नको, हात कोपरापासून हलू द्या. नंबर पॅड वापरत नसाल तर कीबोर्ड थोडा डावीकडे सरकवा, म्हणजे माउस खांद्याच्या सरळ रेषेत येतो. एवढं करूनही मनगट किंवा अंगठा आठवडाभर दुखत राहिला तर दुसरा माउस शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बिलाचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडू शकतात, आणि माझा माउस बदलून मिळाला तो त्या फोटोवर.